कागद चिकटवलेली रेकॉर्ड

ती रेकॉर्ड कागदासकट मी हातात घेतली ती एकदाच. बशीएवढी, काळी, मधे अंगठा सहज जाईल एवढं भोक आणि त्यात पिवळं प्लॅस्टिकचं चाक बसवलेलं. गाण्याचं नाव जिथे छापलेलं असतं तिथे पांढरा कागद चिकटवला होता आणि त्यावर निळ्या शाईने मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. त्या रेकॉर्डचा मी दीड वर्ष हेवा केला. बायका दागिन्यांचा हेवा करतात, दुसरीच्या सुनेचा करतात. मी रेकॉर्डचा केला आणि शेवटी तिचं नुकसान केलं. ते कसं झालं ते लिहिते.

माझा मुलगा बर्मिंगहॅमला हॉस्पिटलात डॉक्टर, सून बँकेत कॉम्प्युटरच्या कामात. नात अकरा महिन्यांची असताना सुनेची रजा संपत आली, तेव्हा त्यांनी मला साताऱ्याकडच्या आमच्या गावातून बोलावून घेतलं. "अहो आई, तुम्ही आलात तर फार बरं होईल," सून फोनवर म्हणाली. गरज होती म्हणून बोलावलं, हे मला कळत होतं. त्यात वाईट काय? गरज असली की माणसाला मान असतो.

नातीला मी वाढवलं. ती शाळेत जायला लागली तेव्हा सव्वातीनला मी फाटकाशी उभी असायची. घरी आलो की ती ओट्यावर चढून बसायची, पाय हलवत. मी गरम पोळीला तूप-साखर लावून सुरळी करून द्यायची. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला बाईंनी बाहेर उभं केलं, हे ती अर्धं मराठीत अर्धं इंग्लिशमध्ये सांगायची. मला निम्मं कळायचं, पण हूं बरोबर जागी म्हणायची. सून सहाला यायची. तोपर्यंतचा वेळ माझा होता. त्या घरात माझं असं दुसरं काही नव्हतं. डबे कुठल्या कपाटात ठेवायचे हेसुद्धा सुनेने ठरवलेलं होतं.

नात नऊ वर्षांची असताना माझे मोतीबिंदू काढले. आधी एक डोळा, मग काही आठवड्यांनी दुसरा. मुलाने बाहेर एकटीने जायचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हा शेजारीण म्हणाली, मुलीला मी आणत जाईन. ती त्याच शाळेत दुपारी मुलांना जेवण वाढायची, त्यामुळे तिला सोपं होतं.

शेजारीण गोरी, सडसडीत, केस बारीक कापलेले. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. नवरा केव्हाच सोडून गेलेला, मुलगा ऑस्ट्रेलियात, दोन नातवंडंही तिकडेच. आमची दोन्ही घरं जोडलेली, मधे एकच भिंत.

डोळे बरे झाल्यावर मी पुन्हा फाटकाशी जाऊन उभी राहिले. नात आली, दप्तर माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आजी, मी नॅनकडे जाते हं. फाईव्हला येते."

नॅन म्हणजे इकडची आजी. आजीलाच सांगत होती, आजीकडे जाते म्हणून.

"तिकडे काय आहे?" मी विचारलं.

"डान्स."

मग रोज चार वाजता भिंतीतून धब धब सुरू व्हायचं. गाणी बदलायची, पण एक गाणं रोज दोन-तीनदा असायचंच. ते पहिल्या दोन ठोक्यांत ओळखता यायला लागलं. मी पोळ्या लाटत असायची आणि लाटणं आपोआप त्या ठोक्यावर चालायला लागायचं. मला त्याचाही राग यायचा. एकदा मी लाटण्याने भिंतीवर चार तडाखे हाणले. पलीकडून नातीने चार तडाखे परत दिले. तिला वाटलं आजी खेळतेय.

शेवटी एका दुपारी मी आमटीची वाटी घेऊन गेले. निमित्त म्हणून. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीतला गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा केला होता आणि लाकडी जमिनीवर पांढरी पावडर टाकली होती, कॅरमच्या बोर्डावर टाकतात तशी. माझी नात घोळदार विजार घालून त्यावर मोज्यांनी घसरत होती. हातातलं काही सांडू नये तसे हात आवरून धरलेले, आणि पाय मात्र इकडून तिकडे पाण्यावर चालल्यासारखे. मग तिने एक गिरकी घेतली, थांबली, टाळी वाजवली. शेजारणीनेही वाजवली. दोन टाळ्या अगदी एकाच वेळी पडल्या. मी दारात उभी होते, ते पाच मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आजी! बस ना," नात म्हणाली. "तुला ते रेकॉर्ड दाखवते. खूप रेअर आहे. नॅन, टेल हर!"

शेजारणीने सांगितलं आणि नातीने मराठी केलं. मला जे कळलं ते असं. अमेरिकेत मोटारींच्या एका शहरात एका काळ्या माणसाने ते गाणं म्हटलं. कुणी विकत घेतलं नाही. रेकॉर्डी गोदामात पडल्या आणि तो माणूस परत मोटारी जोडायच्या कामाला गेला. सात-आठ वर्षांनी कुणी इंग्रजाने ते भंगार इकडे आणलं. शेजारणीचं माहेर उत्तरेकडच्या गिरण्यांच्या गावात. तिचा मोठा भाऊ आठवडाभर गिरणीत काम करायचा आणि शनिवारी एका जुन्या नाचाच्या हॉलमध्ये रेकॉर्डी लावायचा. तिथे दारू नसायची. पोरंपोरी चहा-सरबत पिऊन सकाळपर्यंत नाचायची. गाणं जितकं कुणाला माहीत नसलेलं तितकं चांगलं. भावाला ही रेकॉर्ड बाजारातल्या एका खोक्यात तळाशी सापडली. त्याने ती लावली आणि हॉल वेडा झाला.

"मग दुसरे डीजे जवळ यायचे नाव वाचायला," नात म्हणाली. "म्हणून त्याने पेपर चिकटवला. आणि वर खोटा नाव लिहिला. सिंगरचा पण खोटा. म्हणजे कुणाला शोधता येणार नाही. आजी, खिरापतीसारखं!"

भोंडल्याला प्रत्येकीने आणलेली खिरापत डब्यात झाकून ठेवतात आणि बाकीच्यांनी ती ओळखायची असते, ते मीच तिला शिकवलेलं. माझं शिकवलेलं ती तिथे वापरत होती.

दोन वर्षं ते गाणं त्या एकाच हॉलमध्ये वाजायचं. लांबलांबून बसगाड्या भरून लोक यायचे. मग एकाएकी दुसऱ्या हॉलमध्ये वाजलं, खऱ्या नावाने. पुढे त्याच्या नकला निघाल्या, दुकानादुकानांत मिळायला लागलं. भावाचं महत्त्व संपलं.

"कुणी फोडलं?" मी विचारलं.

"नॅन म्हणते, कधी कळलं नाही."

शेजारीण सुई उचलायला वाकली होती. तिचं तोंड मला दिसलं नाही.

"मग आता कागद कशाला ठेवलाय? सगळ्यांना नाव माहीत झालं ना?"

नातीने विचारलं. शेजारणीने रेकॉर्ड उजेडात धरली. मग कागदावर बोट फिरवून दोन वाक्यं बोलली.

"तिचा भाऊ डाइड. यंग होता. ही त्याची रायटिंग आहे."

हे मला तेव्हाच कळलं होतं, हे इथे लिहून ठेवते. पुढे उपयोगी पडेल.

लपवण्याची गोष्ट मला कुणी समजावून सांगायला नको होती. माझा गोडा मसाला इथल्या मराठी मंडळात प्रसिद्ध आहे. बायका कृती मागतात. मी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं की माणूस कंजूष ठरतो. धणे, जिरं, तीळ, खोबरं, सगळं प्रमाणासकट सांगते आणि दगडफूल सांगत नाही. मग त्या घरी करून बघतात आणि म्हणतात, "काकू, तुमच्या हाताचीच चव वेगळी." मी म्हणते, असेल.

शेजारणीला आमटी आवडली. तिनेही कृती मागितली. नातीने वहीत लिहून घेतली, दगडफुलाशिवाय. आठवड्याने तिने तो मसाला करून आमटी केली आणि नातीला जेवायला ठेवून घेतलं. घरी आल्यावर मी विचारलं, "कसं होतं?"

"ओके होतं. तुझ्यासारखं नाही."

त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पण आनंद टिकला नाही, कारण पुढच्या आठवड्यातही ती तिथेच जेवली. चव कमी असून जेवली, हे जास्त लागलं.

मग नवरात्र आलं. आमच्याकडे हादगा म्हणतात, मंडळातल्या पुण्याच्या बायका भोंडला म्हणतात. रविवारी दुपारी हॉल घेतात, मधे पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर. नात चार वर्षांची असल्यापासून माझा हात धरून त्या फेरात असायची. गाणी मी तिला पाठ करून घेतली होती. त्या वर्षी त्याच रविवारी शेजारणीच्या जुन्या मंडळींचा नाच होता, एका सोशल क्लबमध्ये, तोही दुपारचा. आता सगळ्यांची पन्नाशी उलटलेली, रात्र जागवत नाही कुणाला.

"भोंडला दरवर्षी असतं," नात म्हणाली.

"नाचही दर महिन्याला असतो."

"पण ह्या वेळी ते रेकॉर्ड वाजवणार आहेत. ओरिजिनल."

मी मुलाकडे बघितलं. तो पेपर वाचत होता. "आई, जाऊ दे की तिला. तिला आवडतंय तर."

"मी कुठे अडवलंय?"

"तुझ्या चेहऱ्याने अडवलंयस," तो म्हणाला.

मी खिरापतीचा डबा घेऊन सुनेबरोबर भोंडल्याला गेले. फेरात माझ्या एका बाजूला बेसिंगस्टोकहून आलेल्या कुणाची तरी सासू, दुसऱ्या बाजूला जागा. बायका विचारत होत्या, "काकू, नात कुठे?" मी सांगितलं, सर्दी झालीय. माझी खिरापत कुणाला ओळखता आली नाही. नात असती तर ओळखली असती. मी दरवर्षी तिच्यासाठी एक खूण देते, कानाला हात लावते.

परतताना सुनेने गाडी त्या क्लबकडे वळवली, नातीला घ्यायला. मी डबा हातात धरून तिच्यामागून आत गेले. मोठी खोली, पडदे ओढलेले, टेबलांवर चहाचे कप. टकलू पुरुष, जाड बायका, पिशव्यांवर कापडी बिल्ले शिवलेले, गळ्यात टॉवेल. एक गोष्ट मला बरी वाटली. कुणी कुणाच्या कमरेला हात घालत नव्हतं. जो तो आपापला नाचत होता, जमिनीकडे बघत, शेतात काम केल्यासारखा गंभीर.

तेवढ्यात दोन ठोके पडले आणि मला ते गाणं कळलं. पण ते तेच नव्हतं. भिंतीतून मला फक्त खालचा अर्धा भाग यायचा. वरचा अर्धा मी पहिल्यांदा ऐकला. वर एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडत होता. मी सुनेला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

सूनबाईंनी कान दिला. "तिला दुसऱ्याबरोबर जाताना बघतोय म्हणे. खिडकीतून. रोज बघतो, आणि दार उघडून काही बोलत नाही."

"आणि त्यावर हे नाचतात?"

"हो ना," सून हसली.

माझी नात मधोमध होती. सगळ्या पन्नाशीच्या माणसांनी तिच्यासाठी जागा केली होती. गाण्यात एक जागा येते, तिथे सगळा हॉल एकच टाळी देतो, आरतीत शेवटी देतात तशी. ती टाळी पडली तेव्हा शेजारीण माझ्या नातीकडे बघत होती आणि नात तिच्याकडे. मी त्या गाण्यातल्या माणसासारखी डबा धरून दारात.

गाडीत नातीने डबा उघडला. "ओह, खोबऱ्याच्या वड्या," म्हणाली आणि दोन खाल्ल्या. ओळखायचं असतं हे विसरली.

नोव्हेंबरात शेजारणीच्या भिंतींना ओल आली आणि प्लास्टर काढायला माणसं लागली. धूळ बसेल म्हणून ती रेकॉर्डींचं खोकं आमच्याकडे ठेवून आठवडाभर बहिणीकडे गेली. खोकं मागच्या खोलीत ठेवताना नात मला म्हणाली, "आजी, रेडिएटरजवळ नको हं, हीटने वाकतात. आणि तू हात नको लावू."

तू हात नको लावू. माझ्या हातांनी जी मोठी झाली ती म्हणत होती.

मंगळवारी दुपारी घरात मी एकटी; नात शाळेतून परस्पर मैत्रिणीकडे जाणार होती. मी खोकं उघडलं आणि ती रेकॉर्ड शोधून काढली. वेळ लागला नाही.

लेबलं काढण्यात मी हुशार आहे. आमच्या घरात जॅमची, लोणच्याची एक बरणी फेकली जात नाही. मी लेबल काढून, धुऊन, पुसून ठेवते. नव्या स्टीलच्या भांड्यावरची चिकटलेली चिठ्ठीसुद्धा मी डाग न ठेवता काढते. फडकं गरम पाण्यात पिळायचं, लेबलावर पाच मिनिटं ठेवायचं, मग बोटाने कडेकडेने उचलायचं. मी तसंच केलं. एका कोपऱ्याखाली गोंद वेगळा होता. बाकीचा कागद पिठाच्या खळीने चिकटवलेला असावा, ती वाळून भुकटी झाली होती. त्या कोपऱ्यात मात्र बाटलीतला गोंद, पिवळा आणि चकचकीत. तो निघायला त्रास झाला आणि तिथेच कागद फाटला. दोन तुकडे झाले. निळी शाई माझ्या बोटांना लागली. खाली लाल लेबल आणि चांदीच्या रंगाची अक्षरं होती. गाण्याचं खरं नाव. मला इंग्लिशची मोठी अक्षरं लावून वाचता येतात. मी वाचलं. साधंच नाव होतं.

मग मला भीती वाटली. आधी वाटली नव्हती.

सून नातीला घेऊन सहाला आली तेव्हा मी तुकडे वर्तमानपत्रावर वाळत टाकले होते. तिने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अहो आई! बरणी समजलात का काय?"

मी तुकडे सरळ करत राहिले. मुलगा आला, त्याला सुनेने सांगितलं, तो हसायला लागला. "आईने रेकॉर्डचंही टक्कल केलं. आम्ही सांगू तिला, आई, तू काळजी करू नको. तुला काय माहीत."

तुला काय माहीत. खोटं मला रचावंसुद्धा लागलं नाही. चौथी शिकलेली म्हातारी, तिला काय कळतंय, असं त्यांनी माझ्यासाठी तयार करून ठेवलेलं होतं. मी ते घेतलं.

नात हसली नाही. तुकड्यांकडे बघत राहिली आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून ती माझ्याबरोबर घरी आली. शेजारीण गावात नव्हती, म्हणजे चार ते पाच मला परत मिळाले होते. ती ओट्यावर बसली. मी पोळीची सुरळी करून दिली. तिने ती हातात धरून ठेवली.

"आजी, बॉक्समध्ये फिफ्टी रेकॉर्ड्स आहेत."

"असतील."

"सगळ्यांवर डर्टी स्टिकर आहे. कुणाचं प्राइस, कुणाचं नाव. तू फक्त ते एकच क्लीन केलंस."

मुलगा डॉक्टर, सून बँकेत, आणि हे त्यांना दिसलं नव्हतं.

"तू मुद्दाम केलंस ना?"

"हो."

"का?"

"तू तिला आजी म्हणतेस म्हणून."

तिला रडू येईल असं मला वाटलं. आलं नाही. माझ्यावर गेली असावी. "मी तिला आजी कधीच म्हटलं नाही," ती म्हणाली. "आजी तू आहेस. ती नॅन आहे." मग सुरळी बशीत ठेवली आणि खाली उतरली. "तू सांग तिला. बाबा नाही, मम्मा नाही. तू."

शनिवारी शेजारीण परत आली. मी रेकॉर्ड आणि तुकडे घेऊन गेले. नात बरोबर आली, पण दारातच थांबली.

"सांग तिला," मी म्हटलं.

"तू बोल."

मी बोलले. "धिस, आय डू. नॉट मिस्टेक. आय अँग्री." माझ्याकडे तेवढंच इंग्लिश होतं. नातीकडे बोट केलं, मग तिच्याकडे, मग स्वतःकडे.

शेजारणीने तुकडे हातात घेतले. फाटलेला कोपरा उजेडात धरला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली, किटली लावली, आणि तिकडे तोंड करूनच बोलायला लागली. नात हळूहळू दारातून आत आली आणि मला सांगायला लागली.

"ती म्हणते, हा कॉर्नर आधीपासून उचललेला होता."

"हो. तिथला गोंद वेगळा होता."

नातीने सांगितलं तशी शेजारीण वळली आणि माझ्याकडे नीट बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच.

तो कोपरा तिनेच उचलला होता. ती सतरा वर्षांची होती. भाऊ रेकॉर्डी लावायचा तेव्हा ही त्याच्या शेजारी उभी राहून एकेक रेकॉर्ड हातात द्यायची. मग भावाचं एका मुलीशी लग्न ठरलं आणि त्या जागी ती मुलगी उभी राहायला लागली. हिने एक दिवस घरी कोणी नसताना किटलीच्या वाफेवर कोपरा सोडवला, खरं नाव वाचलं, गोंदाने परत बसवला आणि दुसऱ्या हॉलमधल्या एका पोराला नाव सांगितलं. महिनाभरात सगळीकडे झालं. भावाला वाटलं, त्या मुलीने फोडलं. लग्न मोडलं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. त्याने लग्न नाही केलं. नॅन परत रेकॉर्ड द्यायला लागली. तिने त्याला कधीच नाही सांगितलं." नातीचे डोळे मोठे झाले होते. "कुणालाच नाही सांगितलं. आपल्यालाच फर्स्ट."

मी म्हटलं, "म्हणजे ही माझ्याहून वाईट आहे."

"व्हॉट डिड शी से, लव्ह?"

नातीने माझ्याकडे बघितलं. "शी सेज थँक यू."

शेजारणीला खरं काय ते कळलं असावं. ती हसली नाही. चहा मात्र मला दिला, फार दूध घातलेला.

आमची मैत्री वगैरे झाली नाही. पुढे चार महिने ती मला बागेच्या कुंपणावरून फक्त मान हलवायची. मी तिच्या जागी असते तर तेवढंही केलं नसतं. मी मैद्याची खळ शिजवली आणि नातीने ते तुकडे परत चिकटवले. थोडे तिरके बसले. शाई पसरल्यामुळे खोटं नाव आता नीट वाचताही येत नाही. गाण्याला काही झालं नाही. भिंतीतून तसंच येतं. मला वरचा अर्धा माहीत असल्यामुळे आता तोही ऐकू आल्यासारखा वाटतो.

नातीने स्वतःच वेळ वाटून टाकला. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिकडे. मंगळवार, गुरुवार माझ्याकडे. मी मोजलं. तिला तीन, मला दोन. मी तसं म्हटलं तर नात म्हणाली, "सॅटर्डे-संडे तू घरातच असतेस ना!" हा हिशेब मला पटला नाही. अजून पटत नाही.

मार्चमध्ये एका गुरुवारी मी मसाला भाजायला घेतला. नात ओट्यावर होती. मी वरच्या कपाटातून, डाळींच्या डब्यामागून, एक पुडी काढली. वाळलेल्या शेवाळासारखं, एका बाजूने काळं, एका बाजूने राखाडी.

"हे काय आहे?"

"दगडफूल. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही."

तिने वास घेतला. नाक मुरडलं.

"भाजल्यावर बघ," मी म्हटलं. तेलाचा थेंब टाकून मंद आचेवर हलवलं. तिने पुन्हा वास घेतला आणि तिचे डोळे चमकले, कारण तो आमच्या घराचा वास होता आणि तो कुठून येतो ते तिला आत्ता कळलं होतं. मी कानाला हात लावला, भोंडल्याची खूण. "आपल्या दोघींतच. पलीकडे सांगायचं नाही."

"प्रॉमिस," ती म्हणाली.

महिनाभराने ऊन पडलं म्हणून मी मागच्या बागेत चादरी वाळत घालत होते. शेजारणीच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतून भाजल्याचा वास आला. धणे आले, तीळ आले, खोबरं आलं, आणि मग दगडफूल. आत माझी नात काहीतरी सांगत होती आणि ती बाई हूं म्हणत होती.

मी शेवटची चादर टाकली आणि चिमटा लावला. वास बरोबर होता. जरा करपवलं होतं.